उरलेले एकोणचाळीस खड्डे

प्रिय रोलंड,

तुझं पत्र पोचलं. शेतातल्या जुन्या खड्ड्यांची बातमी सरकारला दिली असा संशय घेऊन शेजारच्या टनिक्लिफला तू ‘चुगलखोर म्हातारा’ म्हटलंस, आपल्या शेतातून जाणारी त्याची वाट बंद केलीस. बिचारा आता दोन मैलांचा वळसा घालून मेंढ्या नेतो आणि भेटला की टोपी काढून मला विचारतो, “हेस्टर, मी केलं तरी काय गं?”

बाबांनी शेत तुझ्या नावावर केलं, मला घर दिलं. त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. पण सुट्टीत भाड्याने द्यायची घरं बांधायला तू बुलडोझर पाठवलास आणि बघता बघता दोन खड्डे बुजले. तिसऱ्यात मी उतरून बसले. ड्रायव्हर वरून ओरडला, “आजी, बाहेर या, मला कामं आहेत!” म्हटलं, “मलाही आहेत. आधी तू जा.” तासभर थांबला, डब्यातलं सँडविच खाल्लं, गेला. माझे गुडघे अजून दुखतायत.

तुला ते मेंढ्यांचे पाय मोडणारे खळगे वाटतात. चारशे वर्षांपूर्वी माणसं तिथे विहिरीत उतरावं तशी उतरायची, तळाशी चहूबाजूंनी कोळसा पोखरायची, डोक्यावरची माती ढासळायला लागली की वर येऊन शेजारी नवा खड्डा खणायची. सगळीच वर यायची नाहीत. चर्चच्या जुन्या दफन-नोंदीत मी स्वतः वाचलंय: ‘कोळशाच्या खड्ड्यात मेलेली एक बाई.’ बस्स, एवढंच. पाद्र्याने त्याच पानाच्या कडेला आपल्या घोड्याचं नाव हौसेनं लिहिलंय, तिचं मात्र विचारलंही नाही. ते वाचून मी रागाने ती वही धाडकन मिटली.

काल सरकारी निर्णय आला. उरलेले एकोणचाळीस खड्डे संरक्षित झाले. तुझी घरं आता तिथे उभी राहायची नाहीत. पुरातत्त्ववाल्यांना पत्र टनिक्लिफने नाही लिहिलं. मी लिहिलं, माझ्या सहीनं. दोन महिने तू त्याला शिव्या देत होतास आणि मी गप्प बसले, एवढीच काय ती माझी चूक. ती मी सकाळी त्याच्या दारात जाऊन कबूल केली. आता तू त्याची वाट मोकळी कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण पुन्हा यंत्र पाठवलंस तर मी पुन्हा खाली बसलेली दिसेन.

तुझीच,
हेस्टर