वायरलेस संच डेल्फिनाला

मी, रोसा एउलालिया व्हियाक्रेस, अविवाहित, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, राहणार सान हासिंतो, वरची आळी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन मात्र ठिकाणावर नाही, कारण काही आठवडे झाले, आमचा ज्वालामुखी डोंगर गप्प आहे. घाबरलेल्या बाईचे मृत्युपत्र कायद्याने चालते, हे मी वकिलाला विचारून घेतले आहे.

कलम पहिले. माझे घर व मागचे पीचचे झाड, शिल्लक राहिल्यास, भाचा बायरन याला द्यावे. 'शिल्लक राहिल्यास' हे शब्द वकिलाने खोडले होते. मी ते पुन्हा लिहिले आहेत.

कलम दुसरे, आरामखुर्ची. मी निवृत्त झाले तेव्हा ती बायरनने आणली. म्हणाला, "आत्या, आता नुसतं बसायचं. जन्मभर लोकांचे फोन जोडलेस, पुरे झालं." मी बसले. वर्षभर बसले. शाळेत नन्सनी आम्हाला नरकाचे वर्णन करून सांगितले होते. त्यात आग होती, खुर्ची नव्हती. त्यांना अर्धेच ठाऊक होते. सकाळी उठून वेणी कोणासाठी घालायची, हे मला कळेनासे झाले. चुकून कोणाचा फोन आला, तर मी त्याला सोडत नसे. खुर्ची बायरनने परत न्यावी आणि आपली पाळी आली की तीत बसून पाहावे.

कलम तिसरे, वायरलेस संच. माझ्या खिडकीतून शिखर दिसते म्हणून डोंगरावर नजर ठेवणाऱ्या वेधशाळेचा इंजिनियर तो घेऊन आला. रोज संध्याकाळी वेधशाळा डोंगराभोवतीच्या आम्हा राखणदारांची नावे पुकारते. ज्याने त्याने सांगायचे: धूर कसा आहे, राख पडली का, खिडकीच्या काचा थरथरल्या का. पगार नाही. एक्स्चेंजमध्ये मला दुसऱ्याचे ऐकायची मनाई होती. इथे मला ऐकण्यासाठीच नेमले. त्या दिवसापासून मी पुन्हा वेणी घालते.

हा संच गावसमितीचे अध्यक्ष आबेलार्दो यांच्या हाती कधीही जाऊ नये. मागे डोंगराच्या भीतीने गाव रिकामे केले, तेव्हा त्यांच्या गाई चोरांनी नेल्या आणि बटाटे शेतात सडले. तेव्हापासून त्यांना डोंगराची भीती वाटत नाही, गाव हलवायला येणाऱ्या ट्रकची वाटते. परवा माझ्या दारात उभे राहून म्हणाले,

"बाई, डोंगर झोपलाय. रविवारी चर्चमध्ये आभाराची मिसा आहे, बँडही सांगितलाय. तुम्ही आपलं 'सगळं ठीक' म्हणून टाका."

"वाफसुद्धा थांबलीय, अध्यक्षमहाराज. इंजिनियर म्हणतो, डोंगराचं नरडं बुजलंय, आत दाब साठतोय."

"इंजिनियरच्या बापाचे बटाटे आहेत का इथे?"

"बटाटे तुमचे. नरडं डोंगराचं."

"वेळेवर लग्न केलं असतंत, तर अशा खिडकीत बसला नसतात."

"तुमच्याशी केलं असतं, तर डोंगराआधी मीच फुटले असते."

गेले पाय आपटत. आमच्या गावाची ही जुनी खोड आहे: डोंगर गुरगुरला की सामान बांधायचे, आणि गप्प झाला की बँड बोलवायचा. मला तो गुरगुरताना झोप लागत असे. आता लागत नाही.

संच डेल्फिना मासाकिसा हिला द्यावा. ती माग चालवते. गाव तिला भित्री म्हणते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी तिच्या हातून धोटा पडतो. मी तिला सांगितले तेव्हा ती रडायलाच लागली.

"बाई, मला नको. डोंगर नुसता हलला तरी माझी बोबडी वळते."

"मग बोबडं बोल. त्यांना कळेल."

ज्याला भीती वाटत नाही, त्याने या संचाला हात लावू नये. मीही रोज घाबरतच बोलते. आवाज तेवढा स्पष्ट निघतो, ती नन्सची कृपा.

कलम चौथे. बचत संस्थेतली माझी ठेव, अंथरुणाला खिळलेल्यांना बाहेर काढणाऱ्या गाडीच्या पेट्रोलसाठी वापरावी. मिसेसाठी आणि बँडसाठी एक पैही नाही. चुलीजवळ रश्शासाठी पाळलेल्या कुई, म्हणजे गिनीपिग, बायरनच्या बायकोला द्याव्यात. त्यांना पाहून ती किंचाळते, हे मला माहीत आहे.

कलम पाचवे. उद्या शनिवारी बायरन मला राजधानीत न्यायला येणार आहे. मी जाणार नाही. मरणाची मला भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे मागून कोणी मला शूर म्हणणार नाही. पण त्याने माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, आणि त्या भिंतीची भीती मला मरणाहून मोठी वाटते.

कलम शेवटचे. संध्याकाळी माझे नाव दोनदा पुकारूनही उत्तर आले नाही, तर "म्हातारीचा डोळा लागला असेल" असे कोणी म्हणू नये. डेल्फिनाने मला पाहायला वर येऊ नये. बायरनने तर मुळीच नाही. माझे गप्प राहणे हीच बातमी समजावी, घंटा वाजवावी आणि सगळ्यांनी पुलापलीकडे जावे. मी नुसतीच हृदय थांबून गेले असेन, तर गावाला एक रात्र उगाच थंडीत काढावी लागेल. तेवढे माझ्या नावाने सोसावे.

सही: रोसा एउलालिया व्हियाक्रेस

साक्षीदार:
१. मार्सिया लोपेरा, शाळामास्तरीण
२. नेप्ताली किस्पे, चर्चचा घंटावाला. शेवटचे कलम यांनी स्वतः मोठ्याने वाचले आणि मगच सही केली.

ठिकाण: सान हासिंतो
दिनांक: १८ मार्च २०११, शुक्रवार. वाफ नाही. आवाज नाही.