लसूण, थिनर आणि माझं हेल्मेट

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी विचारलं की एवढी तयारी केलीत कशी, तर उत्तर हाताशी असावं.

बातमी अशी. पाच ऑक्टोबरला आमच्या कंपनीची सायकल रॅली, भोसरी ते महाळुंगे, थेट कंपनीच्या गेटपर्यंत. सगळ्यांत पुढे एकच जण, सायकलला सेफ्टीचा झेंडा लावून. तो कोण, हे खंडेनवमीच्या पूजेत ठरणार. यंदा मशिनांबरोबर सायकली आणि हेल्मेटंही पूजेला मांडायची. ज्याचं हेल्मेट सगळ्यांत नीट राखलेलं, तो पुढे. कल्पना प्लांट हेड साहेबांची. मी क्वालिटीत आहे. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

सोसायटीच्या ग्रुपवर कळवून टाकलं. अंगठे धडाधड आले. वर्षालीच्या माहेरीही कळवलं. ते गाडी करून बघायला येणार आहेत.

हेल्मेट वर्षालीनेच मार्चमध्ये वाढदिवसाला दिलं होतं. शोधलं. फ्रीजवर सापडलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
पहाटे उठून सायकल चालवायची ठरलं होतं. उठलो तेव्हा कंपनीची बस यायची वेळ झालेली. शरीराला अशी एकदम शिफ्ट बदलून चालत नाही. आधी नोटीस द्यावी लागते.

संध्याकाळी
हेल्मेटला उग्र वास येतोय. खेळाडूंच्या वस्तूंना घामाचा वास येणारच, असं मी अभिमानाने म्हणालो. वर्षाली म्हणाली, घाम कसला डोंबलाचा, लसूण आहे तो. मार्चपासून ती त्यात लसूण ठेवतेय. भोकं आहेत म्हणून हवा खेळती राहते म्हणे.

चिडलो नाही. कंपनीत काही बिघडलं की आम्ही पाच वेळा ‘का’ विचारतो, पाचव्याला मूळ कारण हमखास सापडतं. तेच केलं. वास का? लसणामुळे. लसूण आत का? वर्षालीने ठेवला. का ठेवला? हेल्मेट फ्रीजवर पडून होतं. का पडून होतं? कुणी घालत नव्हतं. कुणी का घालत नव्हतं? इथे थांबलो. पाचव्याची गरजच नव्हती. मूळ सापडलं होतं: घरात लसणाला टोपली नाही.

१६ सप्टेंबर
टोपली आणली. अर्धं काम फत्ते.

१८ सप्टेंबर, गुरुवार
आतले स्पंज काढले आणि कंपनीच्या युनिफॉर्मसोबत वॉशिंग मशिनला लावले. वेळ वाचवणं ही कला आहे. स्पंज निळे झाले. वाळत घातल्यावर एक, मागच्या वेल्क्रोमुळे, वर्षालीच्या पैठणीला चिकटला, तो सोडवताना पैठणीचे दोरे निघाले. पैठणी मशिनमध्ये नव्हतीच, दोरीवर शेजारी वाळत होती, म्हणजे चूक दोरीची. वर्षाली दोरीशी बोलली नाही, माझ्याशीही बोलली नाही.

स्पंज परत बसवले. हेल्मेट डोक्यावर डावीकडे कलतंय. रुबाबदार दिसतं.

पहाटेचं सायकलिंग: पाऊस आला असता तर? म्हणून गेलो नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
हेल्मेट दिवसभर गच्चीत उन्हात ठेवलं. लसणाचा वास गेला. आता तापलेल्या लसणाचा येतोय.

डिस्पॅचच्या सुजितला फोन केला, शत्रूची तयारी कळावी म्हणून. तो म्हणाला, मी काय राव, शाम्पूच्या पाण्याने पुसतो आणि पंख्याखाली ठेवतो. बिचारा. बेसिकच कच्चं. वर म्हणाला, भावा, सायकल चालवतोस ना रोज? मी विषय बदलला. प्रतिस्पर्ध्याला सगळं सांगायचं नसतं.

२४ सप्टेंबर, बुधवार
आज मास्टरस्ट्रोक! हेल्मेट कंपनीत नेलं आणि पेंट शॉपमध्ये बरकतभाईंकडे थिनर मागितलं. पत्र्याचा कुठलाही पार्ट थिनरने पुसला की आरसा होतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. बरकतभाई घुटमळले. म्हणाले, निरंजनभाऊ, ह्ये लोखंडाचं औषध हाय, प्लास्टिकचं न्हाई. मी सांगितलं, पास-रिजेक्ट क्वालिटीवाले ठरवतात. त्यांनी डबा दिला आणि मागे सरकले.

बाहेरून काय चमक आली! आतून थिनर ओतलं, कारण वासाचं मूळ आत. आतलं थर्माकोल चर्रर्र आवाज करत खाली बसलं. म्हणजे सेट झालं. हेल्मेट पूर्वीपेक्षा हलकंही लागतंय. रेसवाले याच हलकेपणासाठी केवढी धडपड करतात.

वाळवायला पेंटच्या भट्टीतून एक फेरी द्यावी म्हटलं. बरकतभाईंनी हात जोडले. त्यांची जेवायची वेळ झाली असावी.

२८ सप्टेंबर, रविवार
पहिली राइड! सोसायटीच्या गेटपर्यंत. वॉचमनने सलाम केला. हेल्मेट डोक्यावर गोल फिरलं आणि पट्टा नाकावर आला, त्यामुळे पुढचं काही दिसेना. परत आलो. वर्षालीने बाल्कनीतून विचारलं, झालं? मी म्हणालो, टेस्ट राइड अशीच असते.

नंतर ती हेल्मेट हातात घेऊन बराच वेळ आत बघत होती. चमक आवडली असावी.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
लिहावंसं वाटत नाही. पण इतिहास लपवायचा नसतो.

सकाळी शॉप झकास सजलं होतं. प्रत्येक मशिनला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे नारळ. ओळीने सायकली, त्यांच्यापुढे हेल्मेटं. सुजितचं आपलं साधं, स्वच्छ. माझं देवघरातल्या समईसारखं लखलखत होतं. साहेब थेट माझ्यापुढे थांबले आणि म्हणाले, निरंजन, कमाल आहे! अंगावर काटा आला. झेंडा टेबलावर होता, माझ्यापासून हातभर.

तिथेच गप्प बसायचं होतं. पण नारळ फोडायची वेळ आली आणि लोखंडी ठोकळा कुणीतरी टूलरूमच्या पूजेला नेलेला. सगळे खोळंबले. मी म्हणालो, साहेब, ठोकळा कशाला? हेल्मेट आघातासाठीच बनलेलं असतं. आज सेफ्टीचा डेमोच होऊन जाऊ दे. हेल्मेट जमिनीवर ठेवलं, नारळ दोन्ही हातांनी उचलला, देवीचं नाव घेतलं आणि आपटला.

नारळाला ओरखडाही नाही. हेल्मेट मधोमध तडकलं आणि आतून थर्माकोलचा भुगा अगरबत्तीवर उडाला. बरकतभाईंनी डोळे मिटले. कुणीतरी भुगा प्रसाद समजून हातावर घेतला.

साहेबांनी खांद्यावरचा भुगा झटकला. मग म्हणाले, क्वालिटीत डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग एका सॅम्पलवर करतात, एकुलत्या एका मालावर नाही. झेंडा सुजितला दिला. हेल्मेटशिवाय रॅलीत प्रवेश नाही, हा नियमही वाचून दाखवला. तो मीच लिहिला होता.

तसं बघितलं तर टेस्ट यशस्वी. दोष रस्त्यावर नाही, आधीच कळला.

२ ऑक्टोबर, दसरा
सुजित सोनं द्यायला आला. चेष्टा केली नाही. त्याचाच जास्त राग आला. जाताना म्हणाला, डोकं आत नव्हतं हे नशीब, भावा.

तो गेल्यावर वर्षालीने श्रीखंडाची वाटी ठेवली आणि म्हणाली, सायकलने कंपनीत जाणार असं तुम्ही मार्चमध्ये म्हणालात तेव्हा मला त्या रोडवरचे कंटेनर आठवले, रात्री झोप लागली नाही, म्हणून ते हेल्मेट आणलं. तुम्ही ते जपावं म्हणून नाही. त्याने तुम्हाला जपावं म्हणून.

श्रीखंड तसंच राहिलं. यावर नीट विचार करायचा आहे. सणासुदीला नको.

५ ऑक्टोबर, रविवार
रॅली उत्तम झाली. मला महत्त्वाची जबाबदारी होती: शेवटच्या टेम्पोत केळ्यांचा चार्ज. सुजित पुढे, झेंड्यासकट. वर्षालीही होती. माहेरचे येणारच आहेत, सायकल तरी दिसू दे, असं म्हणून तिने काल भोसरीतून स्वतःला हेल्मेट आणलं आणि माझी सायकल घेऊन आली. कुटुंबीयांना परवानगी होती. तोही नियम माझाच. चाकणच्या बाजूने येणाऱ्या ट्रकवाल्यांनीही तिला हॉर्न वाजवून दाद दिली. मी टेम्पोतून ओरडलो, ती माझी बायको आहे! सासऱ्यांनी व्हिडिओ काढला. आधी तिचा, मग केळ्यांचा. केळ्यांच्या मागे मी आहे.

घरी आल्यावर तिने हेल्मेट शाम्पूच्या पाण्याने पुसलं, स्पंज हाताने धुतले, पंख्याखाली ठेवले. मी निगा राखायची जबाबदारी घेऊ का विचारलं. तिने हेल्मेट कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

मग मटणासाठी लसूण सोलायला माझ्यापुढे ठेवला. टोपलीत उरलेली केळी आहेत, म्हणून लसूण परत त्या फुटक्या हेल्मेटमध्ये. समोर बसून तिने शांतपणे विचारलं, सहा महिने का घातलं नाहीत हो हे?

हाच तो पाचवा ‘का’. उत्तर मला पंधरा सप्टेंबरपासूनच माहीत होतं. मी मान खाली घालून लसूण सोलत राहिलो.