कासारवाडीचं कनेक्शन तुटतंय

१२ जाने., सोमवार
पहिल्या शिफ्टहून आलो, डबासुद्धा ठेवला नव्हता, आधी स्क्रीन बघितला. सहाच्या सहा कनेक्शन भरलेली. गच्चीवरची अँटेना माझी, नोडचा खोका माझा, आणि टाइप करायला जागा मलाच नाही! एका फ्रिक्वेन्सीवर सहा जणांनी टाइप केलेलं तुकडे करून पाळीपाळीने पोचवायचं, हे काम तो नोड बिचारा करतो. पण सहांतली दोन कनेक्शन सावंतची. आमच्या हौशी रेडिओ क्लबचा सेक्रेटरी. सकाळी कनेक्ट करून ठेवायचं आणि साहेब ऑफिसात. बसच्या सीटवर रुमाल टाकून जाणाऱ्यांची जात.
टाइमआउट लावला. पाच मिनिटं काही आलं नाही की कट. कुणाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

१४ जाने.
संक्रांत. भोसलेकाका नोडवर चार वेळा आले, चारही वेळा गायब. एक 'नमस्कार', की संपलं. दर संक्रांतीला काका एकेकाचं नाव घेऊन शुभेच्छा देतात. आधी माइकवरून द्यायचे. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तेव्हापासून टाइप करून. मला रेडिओ त्यांनी शिकवला. त्यांना हवेत यायला आता हा एकच रस्ता उरलाय. फोनवर मेसेज करा म्हटलं तर पाटीवर लिहून दाखवतात, "तिथे सगळे तब्येतच विचारतात."
काकांचा कासारवाडीहून येणारा सिग्नल आधीच कमजोर. त्यात सावंतच्या हवामान-यंत्राचे आकडे दिवसभर आपोआप चालू. त्याखाली म्हातारा चिरडला जातोय. डोकं फिरलंय.

१५ जाने.
सावंतला फोन.
"तुझी यंत्रं बडबडतात आणि माझी माणसं कट होतात!"
"सर, आधी लॉग बघा ना."
मला लॉग बघायला सांगतो! कालचा पोरगा. अँटेनाला सोल्डर करायला तुला कुणी शिकवलं ते आठव म्हटलं आणि फोन आपटला. क्लबच्या ग्रुपमधून बाहेर. मंजू म्हणाली, अहो, सणाचं तरी धड बोला. तिच्यावरही ओरडलो. उगाच.

१७ जाने.
काका आज एकदाच. पुन्हा कट. नंतर आलेच नाहीत.

१८ जाने., रविवार
कुरुळीहून सलीमभाईचा फोन. गॅरेज सांभाळत नोडवर असतो तो.
"राव, काय लावलंय तिकडं? गिऱ्हाईक बघून येतो तोवर लाइन गेलेली. बरोब्बर पाच मिनिटांनी."
पाच मिनिटं.
लॉग काढला. सावंतच्या आकड्यांचा काही संबंध नाही. काकांच्या प्रत्येक तुटलेल्या कनेक्शनपुढे माझ्याच नोडची ओळ: हालचाल नाही, बंद केलं. अकरा वेळा.
काका दोन बोटांनी टाइप करतात. आणि पत्र लिहिल्यासारखं सगळं लिहून झालं की मग शेवटी एकदाच एंटर. तोवर हवेत काहीच जात नाही. नोडला वाटतं माणूस झोपला. ते तिकडे एकेकाचं नाव लिहीत बसलेत आणि मी इकडून दार लावतोय. मीच. सावंत नाही, सिग्नल नाही. गाढव आहे मी.
टाइमआउट काढून टाकला.

१९ जाने.
कासारवाडी. दार काकूंनी उघडलं.
"आता त्ये मशिन लावत न्हाईत. कापड टाकून ठिवलंय."
काकांना सगळं समजावलं. टाइमआउट, एंटर, माझी चूक. शांतपणे ऐकलं. मग पाटी घेतली. "गर्दी झाली असेल. म्हाताऱ्याने जागा अडवू नये."
त्यांना वाटलं, मी त्यांना मुद्दाम घालवतोय. अकरा वेळा वाटलं आणि अकराही वेळा एका शब्दाने विचारलं नाही. याचाही राग आला. विचारायचं ना काका! शिव्या घालायच्या!
काकूंनी तिळगूळ दिला. तसाच खिशात टाकला.

२० जाने.
सावंतची माफी मागितली. "इट्स ओके सर," इतकंच. भांडला असता तर बरं वाटलं असतं. त्याचं एक कनेक्शन त्याने आपण होऊन सोडलं, मी सांगितलं नव्हतं.

२३ जाने.
आठवडाभर दुसरी शिफ्ट. रोज निघण्याआधी बघतो. काका नाहीत.

२४ जाने., शनिवार
दुपारी १:५०. काका कनेक्ट झाले! 'नमस्कार' सुद्धा नाही, नुसतं कनेक्ट.
२:१०. काही नाही. मी लिहिलं, "काका, सावकाश लिहा." उत्तर नाही.
२:२०. सहाही भरली. सातवा कुणीतरी आत यायला धडपडतोय, नोड त्याला जागा नाही म्हणतोय. राहू दे बाहेर.
माझा रेडिओ मधूनमधून विचारतो, आहात का. कासारवाडीचा रेडिओ म्हणतो, आहे. पण ही दोन यंत्रांची बोलणी. काका कीबोर्डवर बसलेत की चालू ठेवून आत जाऊन झोपलेत, यातून कळत नाही. अर्ध्या तासात ते चार-पाच ओळी लिहितात. किंवा...
२:२५. कंपनीची बस अडीचला. मंजू दोनदा हाक मारून गेली. बूट घातलेत. कुणाचंही काही बंद करणार नाही.
२:३३. खालून हॉर्न वाजला, दोनदा. गेली बस. काकांची ओळ उघडी आहे, मी बसलोय.