ढालीची उजवी बाजू

एडिंबरा, मंगळवार

प्रिय मर्डो,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, तूर्त निम्मेच. मी बरी आहे, गुडघा सोडून.

नगराध्यक्ष झालास म्हणून बाबांचं ढालचिन्ह, आपल्या घराण्याची खूण, तू स्वतः रंगवलंस, त्याचा फोटो पोचला. ते देताना मिळालेल्या सनदेत काय लिहिलंय? निळी ढाल, वरच्या उजव्या कोपऱ्यातून उतरणारा चंदेरी पट्टा, त्यावर एक काळा हेरिंग मासा. बस. बंदराच्या धक्क्याच्या टोकावरूनही ओळखू येते ती. तू त्यात गोल्फची काठी आणि कुत्रा घुसवलास! माझ्या शेजारी बसून ढाली रंगवणारे आर्चीबाल्ड म्हणाले, "बाई, ही ढाल आहे की जुन्या बाजारातलं टेबल?"

कुत्रा खरवडता येईल. पट्ट्याचं काय? ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. तू रंगवलेला पट्टा उलट्या कोपऱ्यातून उतरतो, आणि असा पट्टा म्हणजे ढालवाला लग्नाबाहेरचा मुलगा, असं आपल्याकडे लोक धरून चालतात. पुस्तकं काहीही म्हणोत, धक्क्यावरचे म्हातारे पुस्तकं वाचत नाहीत. शुक्रवारी तुझ्या शपथेला आई पहिल्या रांगेत बसणार आणि समोर तुझ्या डोक्यावर, भिंतीला हे?

तिचा खोकला कसा आहे? रात्री झोपते ना?

सोबत मी रंगवलेली ढाल पाठवते आहे. हीच लाव. नाही लावलीस, तर मी येऊन भर सभेत तुझी उतरवीन, आणि का उतरवली ते आईला तू सांगायचंस.

तुझी,
ग्रिझेल