गटातली चौथी

३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मेहुणे जाऊन दोन महिने झाले. तू रडली नाहीस, त्यांचा विषयही काढत नाहीस. तुझी वहिनी म्हणते, आजारी पडली असती तर बरं, निदान औषध देता आलं असतं. शाळेचा राजीनामा दे आणि इकडे ये. माझं घोरणं सोडलं तर इथे कसलाच त्रास नाही. तुझ्यासाठी खोली रिकामी केली आहे; माझी पुस्तकं वहिनीने मला न विचारता माळ्यावर धाडली. काय ते कळव.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा
दादा


१२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. नमस्कार.

राजीनामा लिहून ठेवला आहे, महिनाअखेर देईन. मला येण्याचंही काही वाटत नाही आणि राहण्याचंही नाही. जेवते, झोपते, शाळेत जाते.

इंग्रजीच्या तासाला माझ्याच्याने बोलवत नाही, म्हणून मुलांचे चौघाचौघांचे गट केले. एकाने स्वतःबद्दल इंग्रजीत एक वाक्य सांगायचं, बाकीच्यांनी आळीपाळीने तेच त्याच्याविषयी सांगायचं. अडलं तर गटानेच सावरायचं, हसायचं नाही. मुखदुर्बळ पोरंही आता बोलू लागली आहेत. मुख्याध्यापिका म्हणतात, काय छान पद्धत काढलीत! पद्धत कसली, बुडत्याला काडीचा आधार.

पुस्तकं मिळाल्याने माळ्यावरचे उंदीर शहाणे होतील, काळजी नसावी. लोभ असू द्यावा.
तुझी
धाकटी


२६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. नमस्कार.

काल एका गटातली मुलगी आली नव्हती. उरलेल्या तिघांनी मलाच बाकावर बसवलं. विषय होता ‘माझं घर’. नियम बाईंनाही लागू, असं त्यांच्यातला वात्रट म्हणाला. मी इंग्रजीत सांगितलं, माझे यजमान वारले. कसं तोंडातून गेलं कळलं नाही. फळ्यावरचं वाक्य वाचावं तसं सपाट म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग नियमाप्रमाणे पहिला म्हणाला, बाईंचे यजमान वारले. दुसरीनेही तेच सांगितलं. वात्रट अडखळला, तर दोघांनी त्याला हळूच शब्द पुरवले. त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मी ऐकत बसले.

रडू आलं नाही, पण पहिल्यांदा खरं वाटलं. इतकी माणसं भेटायला आली, सगळ्यांनी धीरच दिला. मुलांनी नुसतं जे झालं ते सांगितलं.

राजीनामा फाडला. ती मुलगी आज आली, तरी बाकावर माझी जागा ठेवली होती. वहिनींना रागावू नका म्हणावं, सुट्टीत येईन. दोघंही लोभ कमी होऊ देऊ नका.

आपल्या भाषेत हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून तुला लिहिते. दादा, हे गेले रे.

तुझी
धाकटी