मोठा झालेला मासा परत घेऊ

१२ जून २०२३
आजपासून रोज लिहिणार. कॉलेज मधेच सोडलं ते बरंच झालं, पुसदमधलं रंगीत माशांचं दुकान जमलं. आज बाहेर बोर्ड लावला: ‘मोठा झालेला मासा परत घेऊ.’ अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात असा जबाबदार दुकानदार नसेल. मित्र कपिल म्हणे, परत घेऊन ठेवशील कुठं, तुह्याजवळ तर तीनच टाक्या. कपिलशी बोलणं बंद.

२० जून
विमलताई सकर मासा परत घेऊन आल्या. विकला तेव्हा बोटाएवढा होता, आता हातभर. एका डोळ्यानं आंधळा. नाव बंडू. म्हणे, काच साफ करते म्हणून देल्ला होता ना तू, यानं तर बाकीचे मासेच साफ केले. एवढा वाढते हे काहून नाही सांगितलं? त्यांनी विचारलं नव्हतं. विचारणं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी.

२१ जून, सकाळी ६
बंडूला बादलीत घालून गावाबाहेरच्या तलावावर गेलतो. सोडला. टाकीत सडण्यापेक्षा मोकळं पाणी. पुण्याचं काम. तलावातल्या मासेमारीचा ठेका रामरावकाकांकडे. त्यांची पोरगी अपेक्षा काठावर जाळं वाळत घालून राह्यली होती. म्हणे, कायले आलते? म्हटलं, फिरायले. हसली.
ठरलं. आठवड्याला किमान एक मासा परत आलाच पाहिजे.

३ ऑगस्ट
सहा सकर सोडून झाले. विकताना आता स्वतःच सांगतो, मोठा झाला की बिनधास्त आणा. गिऱ्हाईक खूश. पुढं त्याचं काय करतो, कोणीच विचारत नाही. अपेक्षानं आज रजतभाऊ म्हटलं. इकडं सगळेच म्हणतात. त्याचा अर्थ काढायचा नाही.

१० नोव्हेंबर २०२४
मधे लिहायचं राहिलं.
रामरावकाका हैराण. जाळ्यात काळे, काटेरी मासे येऊन राह्यले. काटे असे अडकतात की जाळंच कापावं लागतं. रोहूचं बीज टाकलं होतं, त्याचा पत्ता नाही. काका म्हणे, हे आपल्या तलावाचं नाही, कोणीतरी आणून टाकलं. माझं डोकं सटकलं. म्हटलं, काका, फक्त माणूस दाखवा, तंगडं तोडतो. अपेक्षा पाहत होती.
माझे तर एकूण नऊच. तेही घरात वाढलेले, गरीब. इतके कसे होतील.

१७ नोव्हेंबर
पहाटेपासून तलावावर पहारा. तलावाजवळच्या गोठ्यातला पोरगा ओम बादली घेऊन पाण्याकडं उतरताना दिसला. दोन कानाखाली दिल्या. बादली रिकामी निघाली. म्हशीसाठी पाणी न्यायला आलता. रडला नाही, बादली भरून निघून गेला. अपेक्षा म्हणे, आधी विचारायचं तरी होतं.
उद्या ओमची माफी मागायची. उद्या दुकानाचा माल येणार आहे. परवा.

५ जानेवारी २०२५
विमलताई तलावावर मासोळी घ्यायला आल्या. जाळ्यातून काढलेल्या सकरांच्या ढिगात त्यांना एका डोळ्याचा दिसला. म्हणे, हा तर माहा बंडू, याले म्या रजतच्या दुकानात वापस देल्ला होता. मी तिथंच होतो. तंगडं तोडायचंच बोलून राह्यलो होतो.
 रामरावकाका कापलेलं जाळं गुंडाळत बसले. शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं.

६ जानेवारी
सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलं. हेतू चांगला होता. गिऱ्हाइकांचीही चूक आहे. तीनदा लिहून काढलं.
अपेक्षा स्वतःच दुकानात आली. पहिल्यांदाच. हातात ओलं पोतं. बोर्ड वाचला आणि दारात पोतं ओतलं. म्हणे, घ्या वापस, लिहिलं आहे ना? चाळीसेक असतील. रात्रभर पाण्याबाहेर, तरी हलत होते. म्हणे, बाबा तलाव सोडून राह्यले, नागपूरले वॉचमनचं काम भेटलं, परवा चाललो आम्ही.
म्हटलं, अपेक्षा, ऐक तर.
म्हणे, ओमची माफी मागितली का?

२६ जानेवारी
ते गेले. तलावात आता कोणी जाळं टाकत नाही.
पोत्यातले सकर आणले त्याच दिवशी दुकानामागं पुरले. माती टाकली तरी काही हलत होते. त्यांच्यातल्या बंडूला तेवढं ठेवलं, सगळ्यात मोठ्या टाकीत. वळायला जागा पुरत नाही त्याला. ओमकडं उद्या जाणार.
टाकीला शेवाळ चढलं आहे. वीस दिवस पाहतोय. काच काही साफ करत नाही तो.