बीडच्या पाहुण्यांची बाटली

तीर्थस्वरूप उत्तरेश्वरमामांच्या पायी भाचा म्हाळूचा दंडवत. इकडे वस्तीवर माणसं, मेंढरं अन् कुत्रं धरून सगळे धडधाकट आहेत, तुमच्याकडचं कळवावं. तुमचा गुडघा कसा आहे? डेपोत एसटीच्या खाली शिरून काम करायला तरणी पोरं ठेवलीत, तुम्ही वाकू नका, असा आईचा निरोप आहे. संगीतामामींचं पित्त कमी झालं असेल अशी आशा करतो. योगितापण बरी असेलच. (तिची चौकशी रीतीप्रमाणं केली, दुसरं काही नाही.)

फोन सोडून पत्र कावून, असं तुम्ही म्हणाल. मामा, फोनवर आपलं जमत नाही. मी तापतो, तुम्ही कट करता, अन् पुढं मी बंद फोनवर एकटाच भांडत बसतो. मेंढरं चरायची थांबून बघतात. शिवाय केजच्या जीप स्टँडवर ही बाटली माझ्या हातात देताना योगितानंच बजावलं होतं, "काय ते कागदावर लिहून दे पप्पांना. तुझं तोंडी कुणाला खरं वाटत न्हाई." म्हणून लिहितोय. महिना होत आला हे खरं आहे, पण शास्त्राला वेळ लागतो.

तुमचा प्रश्न असा होता की, बीडच्या पाहुण्यांनी योगिताचा फोटो बघितला, पोरगी पसंत आहे म्हणाले, फक्त रंग जरा दबलेला वाटतो, तर बघायला येऊ तोवर हे व्हिटॅमिन सीचं सीरम रोज तोंडाला लावा. अन् तू दोन वर्षं अंबाजोगाईला केमिस्ट्री शिकलास (दीड. प्रॅक्टिकलच्या सरांचं रीडिंग चुकलं होतं, माझं नाही, हे मी आजही म्हणतो), तर यात काय काय घातलंय, पोरीच्या तोंडाला अपाय तर होणार नाही ना, ते बघून सांग. मामा, निरोप ऐकून मी तांब्याभर पाणी एका दमात प्यालो. मेंढरांच्या बाजारात दलाल येतो तो दात बघतो, पाठ चाचपतो, भाव पाडायला दहा नावं ठेवतो. पण आधी साबण पाठवून "धुऊन ठेवा, मग येतो" म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून बघितलं नाही. ते बीडमध्ये निघालं. अन् तुम्ही ती बाटली त्यांच्या तोंडावर मारायची सोडून माझ्याकडं तपासायला पाठवली! नवरदेव म्हणे कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवतो. प्रकाशाचा धडा शिकवून शिकवून त्याला बायकोपण उजेड पाडणारी पाहिजे असेल, तर त्यानं ट्यूबलाईटीशी लग्न करावं. आपल्या दोन्ही खानदानांत गोरं म्हणाल तर एक मीठ आहे. आमची मेंढरंसुद्धा काळी.

तरी तुम्ही विचारलंय, तर सांगतो. खोक्यावर हे मोठं कापलेलं संत्रं छापलंय, त्यातून थेंब टपकतोय, बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. आत काय आहे ते मात्र मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. मी मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठं करून वाचलं. ही यादी वाचायची एक रीत आहे, मामा. ती लग्नपत्रिकेसारखी असते. ज्याचा मान मोठा त्याचं नाव वर, अन् पार खाली बारक्यांचं "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं". बाटलीत ज्याचं माप जास्त ते आधी, कमी ते नंतर. तर या पत्रिकेत सगळ्यात वर, प्रमुख पाहुणे म्हणून, कोण असेल? पाणी! ज्याच्यासाठी आम्ही वस्तीवर टँकरची वाट बघतो, ते पाणी बीडवाल्यांनी ड्रॉपरनं मोजून तुमच्या घरी पाठवलंय.

दुसरं नाव अॅस्कॉर्बिक अॅसिड. हेच ते व्हिटॅमिन सी. अॅसिड म्हटल्यावर मामींनी घाबरू नये, लिंबातपण हेच असतं. (म्हणून लिंबू चोळा असं मी म्हणत नाही. लिंबू चोळून उन्हात गेलं की कातडी सोलते, हे मामींना आवर्जून सांगा, त्यांना घरगुती उपायांची लई हौस.) हे व्हिटॅमिन लई नाजूक. हवा लागली, ऊन लागलं की तांबडं पडून वाया जातं, म्हणून त्याला काळपट बाटलीत कोंडलंय. पुढं प्रॉपिलीन ग्लायकॉल, त्याचं काम इतरांना कातडीच्या आत सोडायचं, म्हणजे आपला जीपवाला. मग ग्लिसरीन, जे मामी थंडीत टाचांना लावतात. मग फेरुलिक अॅसिड अन् व्हिटॅमिन ई, ही दोघं व्हिटॅमिन सी नासू नये म्हणून त्याच्या मागंपुढं असतात, जशी पुढाऱ्याच्या गाडीत काचा खाली करून बसलेली पोरं. हायल्युरोनिक अॅसिड नावावरून पत्र्याला भोक पाडील असं वाटतं, पण ते नुसतं ओल धरून ठेवतं. नंतर फिनॉक्सीइथेनॉल, म्हणजे बाटली नासू नये म्हणून घातलेलं औषध. ते टक्काभरच घालतात, म्हणून त्याच्या खाली ज्याचं नाव आलं ते असून नसून सारखं, हे पक्कं ध्यानात ठेवायचं. अन् मामा, त्याच्याही खाली, शेवटून दुसरं, वासाच्या जरा वर, कोण बसलंय? संत्र्याचा अर्क! खोक्यावर नवरदेव होऊन मिरवलं ते संत्रं पत्रिकेत बारक्यांच्या ओळीत! ज्या घरची बाटली अशी, त्या घरच्या बायोडाट्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

तर ही बाटली सगळी लबाडीच असणार, असं धरून मी तिचा पंचनामा करायला बसलो. आमच्याकडं मेंढरांच्या जखमेला लावायचं आयोडीन असतं, तांबडं गर्द. व्हिटॅमिन सी खरं असेल तर आयोडीनचा रंग घालवतं, हे मी कॉलेजात याच हातांनी केलंय. वाटीत आयोडीनचे थेंब टाकले, पाणी घातलं, वरून सीरम सोडलं. मनात म्हटलं, आता रंग जसाच्या तसा राहील, मी वाटीचा फोटो काढून बीडला पाठवीन अन् खाली लिहीन, घ्या तुमचा उजेड. रंग गेला, मामा. असा गेला की वाटी धुतल्यागत झाली. माझा जीव किती जळाला ते काय सांगू. दुश्मनाची बाटली अन् ती खरी निघाली! (खरं ते लिहितोय, कारण मी शास्त्राचा माणूस आहे. परीक्षा दिली नाही म्हणून शास्त्र सुटत नाही.)

यापुढचं जे घडलं त्यात माझी चूक नाही. वाटी विसळायला मी उठलो, अन् आयोडीनची बाटली अन् सीरमची बाटली शेजारी शेजारी राहिल्या. दोन्ही काळपट, दोन्हींना ड्रॉपर. आमच्या घरात ड्रॉपरची बाटली म्हणजे मेंढरांचं औषध, त्यात दुसरा अर्थच नाही. आमच्या मोठ्या मेंढ्याच्या कानाला बिल्ला मारलेली जागा चिघळली होती. बापूंनी (तुमच्या दाजींनी) हाताला लागली ती बाटली उचलली अन् कानावर उपडी केली. उघड्या जखमेवर अॅसिड! मेंढा जो उधळला तो दावं तोडून सरळ शेजारच्या सुंदरबाईंच्या बाजेवर, जिच्यावर त्यांच्या शेवया वाळत होत्या. तिथून तो गळ्यात शेवया घालून हार घातलेल्या पुढाऱ्यासारखा वस्तीभर फिरला. सुंदरबाईंनी माझ्या सात पिढ्या काढल्या, त्यात तुमची बहीणपण आली. मी धावत जाऊन बापूंच्या हातातली बाटली बघितली, तर तळाला दोन थेंब.

"औषध बदललं का रं?" बापू म्हणाले, "लई झोंबलं त्याला."

"बापू, ती तोंडाला लावायची हाय!"

"कुणाच्या?"

"योगिताच्या."

"कावून?" बापू एकदम काळजीत पडले. "पोरीच्या तोंडाला काय झालं?"

"काही न्हाई झालं."

"मग औषध कशाला?"

मामा, याचं उत्तर आता तुम्हीच शोधा. तुम्हाला सुचलं तर कळवा. माझा अहवाल असा की, यानं काळे डाग सावकाश फिके पडतात, उन्हानं रापलेलं थोडं उतरतं, तेसुद्धा निदान महिनाभर रोज लावलं अन् ऊन टाळलं तर. जन्माचा रंग यानं बदलत नाही, कशानंच बदलत नाही, अन् योगिताचा तर बदलायची कुणाची टाप नाही. ती स्टँडवर जीपमधून उतरते तेव्हा सगळ्या केजला उजेड पडतो, हे काय सीरमनं होतं का? बाटली संपली आहे, ती परत मागू नये. मामींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम पडो.

आपला आज्ञाधारक (या बाटलीपुरता सोडून),
म्हाळू

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. बीडच्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवा. गुरुवारी आई अन् बापू तुमच्याकडं येतील, मीपण येईन. आई ओटीचं सामान घेऊन येणार आहे, ते कशाचं म्हणून विचारू नका. मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा असतो, हे तुम्हीच माझ्या बारशाला बोलून बसलात, आईला अजून पाठ आहे.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. योगिताला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "हक्क? मी काय बांधावरची बाभळ हाय का? पुन्यांदा हक्क म्हणालास तर जीपखाली ढकलीन." तरी तो शब्द खोडलेला धरावा. मग मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "राहिलेलं कॉलेज पुरं करतोस का, ते आधी सांग." मी तापलो. ती हसली. मी म्हटलं, करतो. त्यावरही तिनं फोन ठेवला नाही. तुमच्यासारखा कट केला नाही, एवढं ध्यानात घ्यावं.

ता. क. तिसरा. हा मामींना वाचून दाखवू नका. मेंढ्याच्या कानावर गेली ती बाटली मुळात पाव राहिली होती. बाकीची कुठं गेली ते सांगतो. अपाय होतो का, हे योगिताच्या तोंडावर बघण्यापेक्षा माझ्या तोंडावर बघावं म्हणून मी महिनाभर रोज डाव्या गालाला लावलं. उजवा गाल तसाच ठेवला, तुलनेसाठी. शास्त्रात असंच करतात. डाव्या बाजूला ऊन लागू नये म्हणून अर्धं तोंड रुमालात बांधून मेंढरं चारली, सगळी वस्ती मला दाढ दुखते का म्हणून विचारते. अपाय काही झाला नाही. झालं ते असं की डाव्या गालाचं रापलेलं उतरलं अन् उजवा होता तसाच राहिला. डावीकडून बघितलं तर मी क्लासात शिकवणारा वाटतो अन् उजवीकडून बघितलं तर मेंढक्या. आई म्हणते, गुरुवारी मामींकडं डावा गाल करून बस अन् मान वळवू नको. पण योगिता चहा घेऊन कुठल्या बाजूनं येईल याचा काय नेम? तर बीडवाल्यांनी एकावर एक फुकट म्हणून दुसरी बाटलीपण पाठवली होती, ती तुमच्या कपाटात पडून आहे असं योगितानंच सांगितलं. तिला त्या बाटलीची गरज नाही. ती तेवढी बुधवारच्या जीपनं पाठवा. एका दिवसात कशानं काही होत नाही, हे मला कळतं, वर मीच लिहिलंय. तरी पाठवा.